पाठकोरे आणि पाठपोट

आमच्या वसतिगृहाच्या ऑफिसात कोरे कागद कपाटात कुलपाखाली असायचे. हाताशी असायचे ते पाठकोरे. एका बाजूला कुठल्यातरी कचेरीची जुनी नोटीस, सभेचं इतिवृत्त, बाद झालेला एखादा अर्ज, आणि दुसरी बाजू स्वच्छ. नागपुरातल्या ओळखीच्या दोन-तीन ऑफिसांतून आमचे सचिव असे गठ्ठे मागून आणायचे. ते निवृत्त मुख्याध्यापक. सगळेच त्यांना सर म्हणतात. गठ्ठा टेबलावर ठेवून ते दरवेळी एकच सांगायचे, "ज्याची पाठ कोरी आहे तो कागद अजून जिवंत आहे."

मी कुही तालुक्यातल्या एका खेड्यातली. कुहीच्या शाळेत दहावी झाले आणि याच वसतिगृहात खाट मिळाली म्हणून पुढे शिकू शकले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नव्हतं. आईबाबांना माझी डिग्री नेमकी कशातली आहे हे अजूनही सांगता येत नाही, पण तिची लॅमिनेट केलेली प्रत घरात आरशाशेजारी लावलेली आहे. बी.ए. झाल्यावर सरांनीच मला वसतिगृहाच्या ऑफिसात घेतलं आणि तिथलीच एक खोली राहायला दिली. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला त्यांनीच शिकायला पाठवलं. मी जे काही आहे ते या वसतिगृहामुळे आहे, असं मी तेव्हाही म्हणायचे आणि आजही म्हणते. पुढे जे झालं त्यात या उपकाराचाही वाटा आहे.

दरवर्षी दहावी झालेल्या बारा नव्या मुलींना इथे प्रवेश मिळतो. त्यासाठी जूनमध्ये लेखी परीक्षा होते. तिची तयारी म्हणून मी दर रविवारी सकाळी बाहेरच्या मुलींचा मोफत वर्ग घ्यायचे. सरावाचे पेपर मीच टाइप करायचे आणि अर्थातच पाठकोऱ्या कागदांवर छापायचे.

त्या वर्षी वर्गात अकरा मुली होत्या. त्यातली एक बुटीबोरीहून यायची. तिची आई तिथल्या कापडाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. त्यांची खोली एकच आणि तिच्यात झोपणारे पाच, तेही शिफ्टप्रमाणे पाळीपाळीनं. ही मुलगी बसमध्ये अभ्यास करायची, कारण बसमध्ये तिला कोणी उठवत नसे. तिला सायन्स घ्यायचं होतं. खाट मिळाली तर नागपुरात अकरावी सायन्स, नाहीतर मामाच्या गावी, आमच्याच तालुक्यात. तिथल्या कॉलेजात फक्त आर्ट्स. हे तिनं मला पहिल्याच भेटीत, बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं होतं.

पहिल्या रविवारी मी पेपर वाटले. अर्ध्या तासानं फेरी मारताना पाहिलं, तर या मुलीनं पान उलटून मागच्या बाजूचंही उत्तर लिहायला घेतलं होतं. मागे कुठल्यातरी गृहनिर्माण संस्थेच्या सभेची विषयपत्रिका होती. 'विषय क्रमांक ३ : पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीबाबत विचार करणे.' तिनं खाली सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'पाण्याची टाकी ताबडतोब दुरुस्त करावी, कारण अशुद्ध पाण्यामुळे कावीळ, पटकी इत्यादी रोग होतात.'

मी ते मोठ्यानं वाचलं. वर्ग हसून लोटपोट झाला.

"अवं, तू तं त्यायच्या सोसायटीची अध्यक्षच झाली!" शेजारची म्हणाली.

"मले काय माहीत," ती म्हणाली. "विचार करणे म्हणे, तं मी विचार केला."

मीसुद्धा हसत होते. मग म्हटलं, "मुलींनो, नियम लक्षात ठेवा. मागं पाहायचं नाही. मागचं आपलं नाही." पुढे ती वर्गातली गंमतच झाली. दर रविवारी पेपर वाटताना मी विचारायचे, "मागचं?" आणि अकराही जणी एका सुरात ओरडायच्या, "आपलं नाही!" सगळ्यांत मोठा आवाज तिचा असायचा. पुन्हा हसं होऊ नये म्हणून असेल, तिनं त्यानंतर एकदाही पान उलटलं नाही.

मेमध्ये सर म्हणाले, "यावर्षी प्रवेशाचा पेपर नीट काढू. मागच्या वर्षी दोन कागदांना पिना मारल्या, तर तिघींचे दुसरे कागद निसटले. एकाच कागदावर पाठपोट छापून आण. विद्यापीठाचा असतो तसा दिसला पाहिजे."

मी कपाटातून कोऱ्या कागदांचं एक रीम काढलं. पेपर पन्नास गुणांचा होता. पहिल्या पानावर चार प्रश्न, तीस गुण. दुसऱ्या पानावर दोन, वीस गुण. पहिल्या पानाच्या अगदी शेवटच्या ओळीत मी उजवीकडे, कंसात, ठळक टाइप केलं, 'पान उलटा'. आमच्या ऑफिसातल्या प्रिंटरला पाठपोट छापता येत नाही, म्हणून फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

"सिंगल साइड का बॅक टू बॅक, ताई?" दुकानदारानं विचारलं.

"पाठपोट."

"काय पोट?"

"दोन्ही बाजूंनी हो, भाऊ."

"मंग बॅक टू बॅक म्हणा ना. सकाळी सकाळी पोट काढून राहिल्या."

त्यानं नमुन्याची एक प्रत काढली. मी उलटून पाहिली तर मागची बाजू खाली डोकं वर पाय. कॅलेंडरचं पान उलटावं तसं उलटलं तरच ती सरळ दिसत होती.

"हे पाहा, उलटं आलं," मी म्हटलं.

"ते छोट्या बाजूनं पलटून राहिलं होतं. आता लांब बाजूनं करतो." त्यानं कुठेतरी एक खूण बदलली. दुसरी प्रत बरोबर आली. मी ती पुस्तकासारखी उलटून पाहिली. पहिला प्रश्न वाचला, जोडाक्षरं तुटली नाहीत ना ते पाहिलं. तुटली नव्हती. मोठी चूक वेळेवर पकडल्याच्या समाधानात मी ऐंशी प्रती काढायला सांगितल्या.

मी पाहिलं नाही ते हे. मी वापरलेला फॉन्ट त्याच्या कॉम्प्युटरवर नव्हता. त्या कॉम्प्युटरनं आपल्याजवळचा दुसरा घेतला. त्याच्या ओळी जराशा उंच होत्या. पहिल्या पानावरचं सगळं थोडं थोडं खाली सरकलं आणि शेवटची एक ओळ मागच्या पानावर गेली. 'पान उलटा' ही ओळ मागच्या पानाच्या सर्वांत वर छापली गेली. ज्यांनी पान उलटलं त्यांनाच ती दिसणार होती.

परीक्षेच्या रविवारी मी हॉलमध्येच होते. बुटीबोरीची मुलगी खिडकीजवळ बसली होती. वेळ संपायला बराच अवकाश असताना तिनं पेन खाली ठेवलं, उत्तरपत्रिका एकदा तपासली, दोनदा तपासली आणि हाताची घडी घालून बसली. माझ्याकडे पाहून ती किंचित हसली. मीही हसले. मला तिचा अभिमान वाटला. प्रश्नपत्रिका तिच्या पुढ्यात होती. मी तिथून तीन वेळा गेले असेन.

पेपर सरांनी आणि दोन ओळखीच्या शिक्षिकांनी तपासले. मंगळवारी गुणांची यादी करायला माझ्याकडे गठ्ठा आला. तिचे गुण एकोणतीस. मला वाटलं बेरीज चुकली. उत्तरपत्रिका उघडली. चार प्रश्नांची उत्तरं, तीसपैकी एकोणतीस, आणि चौथ्या उत्तराखाली मी शिकवल्याप्रमाणे पट्टीनं आखलेली रेघ आणि 'समाप्त'.

मी रविवारच्या वर्गातल्या बाकीच्या दहाजणींचे पेपर काढले. आणखी तिघींनी मागचे दोन्ही प्रश्न सोडले होते. माझ्या वर्गाला न येणाऱ्या मुलींत असं कोणीच केलं नव्हतं. त्यांना मागे पाहायचं नाही हे कोणी शिकवलंच नव्हतं. मग मी प्रश्नपत्रिका हातात घेतली, खालची ओळ शोधली. नव्हती. पान उलटलं. ती तिथे होती, ठळक, कंसात, मी टाइप केली होती तशीच.

यादी दुसऱ्या दिवशी लागायची होती. मी सरांकडे गेले. ते अंगणात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते.

"सर, चार मुलींनी मागची बाजू सोडवलीच नाही."

"काहून?"

"पाहिलीच नसावी."

त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "पान उलटा लिहिलं होतं ना?"

मी म्हटलं, "हो सर."

ते खोटं नव्हतं. लिहिलेलं होतं. ते कुठे लिहिलेलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पण सरांनी संचालक मंडळासमोर सांगितलं होतं की यावर्षीचा पेपर आमच्याच मुलीनं काढला, एकही चूक नाही. ते 'आमच्याच मुलीनं' मला फार मोलाचं होतं.

"मग झालं तर," सर म्हणाले. "ज्याले पान उलटता येत नाही त्याले सायन्स कसं झेपन?"

बुधवारी यादी लागली. पहिल्या बारांत तिचं नाव नव्हतं, प्रतीक्षेतल्या पाचांतही नव्हतं. दुपारी तिचा फोन आला.

"ताई, माझं नाव पाहता का?"

"पाहिलं गं. नाही आहे."

"खालून पाहिलं का?"

"खालूनही पाहिलं."

मागे शिलाईयंत्रासारखा कसलातरी आवाज येत होता. मग म्हणाली, "बरं ताई," आणि फोन ठेवला. मी तेव्हाही काही सांगितलं नाही. स्वतःला समजावत राहिले की यादी लागून गेली, आता सांगून कोणाचं नाव काढायचं? ज्या मुली पेट्या घेऊन आल्या त्यांचा काय दोष?

पण एक खाट रिकामी होती. यादीतली एक मुलगी दुसरीकडे गेली, तसं तिच्या वडिलांनी गुरुवारी कळवलं. ते पत्र मीच फाइलला लावलं. शनिवारी सरांनी प्रतीक्षेतल्या पहिल्या मुलीला बोलवायला सांगितलं. तो फोनही मीच केला. ती मुलगी संध्याकाळपर्यंत गादीसकट हजर झाली. तिचे गुण होते एकेचाळीस.

रविवारी बुटीबोरीच्या मुलीच्या आईला सुट्टी होती. मायलेकी दहाच्या सुमारास आल्या. आई दारातच उभी राहिली.

"मॅडम, पोरगी म्हणते पेपर पुरा सोडवला. मंग नाव काहून नाही?"

मी त्यांना आत बसवलं. मुलीसमोर प्रश्नपत्रिका ठेवली आणि उलटली. तिनं मागची बाजू वाचली. वाचताना तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, तो मला विसरता येत नाही. पाचवा प्रश्न पाणी आणि रोगांवरचा होता.

"हे पण होतं?" ती म्हणाली.

"होतं."

"ताई, तुमीच म्हणे ना, मागचं आपलं नाही."

आईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तेव्हा तिला पाठकोऱ्या कागदांचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं, सरकलेल्या ओळीचं सांगितलं. ती बाई सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "एवढ्या शिकल्या तुमी, अन् कागदाची कोणती बाजू कोणाची, ते नाही समजलं तुमाले? आमच्या लाइनीत उलटा माल भरला तर त्याच दिवशी पकडते, बाई. अन् सांगा लागते."

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि सरांच्या घरी गेले. प्रश्नपत्रिका त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "सर, पान उलटा कुठं आहे ते पाहा."

त्यांनी चष्मा लावून खालची ओळ शोधली, मग पान उलटलं, मग पुन्हा सुलटं केलं.

"मंगळवारी मी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो सर."

"आणि हो म्हणाली."

"हो सर."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "इतकी वर्षं पेपर काढले मी. छापून आल्यावर माझ्याही हातात होता. मीही पाहिलं नाही." मग म्हणाले, "चौघींची मागच्या बाजूची परीक्षा पुन्हा घे. बोर्डावर लाव. चूक आपली होती असं स्पष्ट लिही."

बुधवारी चौघीही आल्या. तीस मिनिटं, दोन प्रश्न. वीसपैकी तिला सतरा मिळाले. एकूण सेहेचाळीस. त्या वर्षी तिच्यापेक्षा जास्त गुण फक्त दोघींना होते. बाकी तिघींची नावं नवे गुण धरूनही यादीत बसत नव्हती, पण म्हणून त्यांच्या बाबतीत कमी वाईट झालं असं मी मानत नाही.

"दरवर्षी नव्या बाराच विद्यार्थिनींची परवानगी आहे," सर म्हणाले. "बाराव्या खाटेवर शनिवारी मुलगी आली. तिला कसं उठवू?"

"माझ्या खोलीत ठेवते, सर. जमिनीवर गादी टाकून."

"तुझी खोली म्हणजे वसतिगृहच आहे, बेटा. तपासणीला आले तर सगळ्याच मुली रस्त्यावर येतील."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी इकडेतिकडे दोन वसतिगृहांत विचारलं. एकात प्रवेशाची मुदत संपली होती. दुसऱ्यात फक्त नोकरी करणाऱ्या बायका होत्या. तिचं नाव प्रतीक्षेत पहिलं लावलं, पण त्या वर्षी कोणी खाट सोडली नाही. जुलैत ती मामाच्या गावी गेली आणि आर्ट्सला नाव घातलं.

दिवाळीला मी घरी जात होते. कुहीच्या बसस्टँडवर उतरले तर ती तिथे उभी होती, हातात वायरची पिशवी. मला वाटलं तोंड फिरवेल. ती स्वतःच आली.

"ताई, दिवाळीले चालल्या का घरी?"

"हो. तू?"

"बुटीबोरीले. आईले सुट्टी नाही, मीच जाऊन राहिली." मग म्हणाली, "अर्थशास्त्र बरं लागते मले. इतिहास नाही लागत." पिशवी दुसऱ्या हातात घेत, "आई म्हणे, चूक झाली पण म्याडमनं कबूल तरी केली. कोणी कबूल नाही करत."

ते मला ऐकवेना. मी तिला सगळं सांगितलं. मंगळवारीच मला कळलं होतं, सरांनी विचारलं तेव्हा मी अर्धंच बोलले, गुरुवारी एक खाट रिकामी झाली, शनिवारी ती भरली, आणि भरण्यासाठी फोन मीच केला. स्टँडवर गर्दी होती. दोनदा आवाज चढवून बोलावं लागलं.

तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "शनिवारी?"

"शनिवारी."

"शनिवारी मी खोलीवरच होती," ती म्हणाली. "आईची सेकंड शिफ्ट होती. मी दिवसभर बसूनच होती, ताई. एका तासात आली असती."

माफ कर म्हटलं असतं तर तिला 'काही नाही ताई' म्हणावं लागलं असतं. तशा संस्कारांतली होती ती. म्हणून मी ते म्हटलं नाही.

नागपूरची गाडी लागली. लोक दाराशी लोटले. तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि गर्दीत शिरली. खिडकीची जागा तिला मिळाली होती, कारण काचेतून ती मला दिसत होती. गाडी निघेपर्यंत तिनं समोरच्या सीटच्या पाठीकडेच पाहिलं.